मामाच्या लेन्ससाठी बॉडी शोधताना

कुडाळात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, आणि कार्तिकी पौर्णिमेपासून पुढे गावोगावच्या जत्रा. पालखी झाली की मध्यरात्री देवळाच्या आवारात दशावतार उभा राही आणि मामा खांबाला टेकून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत फोटो काढत राही. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मी त्याच्या शेजारी बसून ते बघितलंय. २०११ मध्ये स्टुडिओ बंद झाला, पुढे मामाही गेला. फिल्मचे कॅमेरे त्याने आधीच विकले होते. उरली होती ती माडीवरची लोखंडी पेटी. २०२३ च्या गणपतीत मामीने ती माझ्यासमोर आणून ठेवली. "हय नुसती बुरशी लागतली बाय. तू घेवन जा."

पेटीत निकॉनच्या तीन लेन्स निघाल्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). ५० एमएम एफ/१.८ डी, दांड्यासारखी जड ८०-२०० एफ/२.८ डी, आणि २८ एमएम एफ/२.८ ची हाताने फोकस करायची जुनी एआय लेन्स. माझ्याकडे २०१५ पासून निकॉनचाच डी३३०० कॅमेरा होता, सोबत मिळालेल्या १८-५५ लेन्ससकट. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. फोटो हा माझा धंदा नाही, पण मामाने जिथे सोडलं तिथून पुढे दशावताराचे फोटो काढायचे, हे मी त्याच्या माघारी ठरवलं होतं आणि चार हंगाम काढतही होते. फोटो मनासारखे येत नव्हते. त्यामुळे नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्यायची हे डोक्यात होतंच. हाताशी होते भिशीचे ३०,००० रुपये, आणि डी३३०० विकला तर येतील ते.

कोणाला विचारावं तर प्रत्येकजण आपापला कॅमेरा सांगतो. म्हणून मी आधी हिशेबाला बसले, तेवढंच मला नीट येतं. मागच्या हंगामातल्या तीन जत्रांचे ११४० फोटो संगणकावर उघडले. ठेवण्यासारखे ६१. उरलेले १०७९ पुसून न टाकता एकेक करून बघितले आणि प्रत्येकापुढे फक्त एकच गोष्ट लिहिली: हा का फसला? या कामात चार संध्याकाळी गेल्या.

५८७ फोटो पात्राच्या हालचालीने पुसट झालेले. २४६ मध्ये फोकस चुकलेला, डोळ्याऐवजी मागच्या पडद्यावर. १३१ मध्ये ट्यूबलाइटच्या लुकलुकीने अर्धी चौकट पिवळी-तपकिरी. ९८ माझ्या चुकीने, म्हणजे क्षण निसटलेला किंवा कोणाचं तरी डोकं मध्ये आलेलं. आणि निव्वळ दाणेदार दिसतो म्हणून टाकून द्यावा असे फोटो किती, तर १७.

या १७ ने माझा विचार बदलला. तोवर मी धरून चालले होते की माझ्या कॅमेऱ्याला अंधार झेपत नाही, तेव्हा जास्त आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) पेलणारा नवा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, हवा. अडचण सेन्सरची नव्हतीच. १८-५५ लेन्स पुढे सरकवली की तिचं तोंड एफ/५.६ ला येऊन थांबतं. आयएसओ ३२०० ठेवूनही शटरचा वेग १/६० सेकंदाच्या वर जात नाही, आणि राक्षसपार्टी तलवार घेऊन गिरकी मारते तेव्हा १/६० ला तलवार काय, राक्षसही उरत नाही. तेच एफ/१.८ ला उघडणारी ५० एमएम लावली तर जवळपास दसपट उजेड आत येतो, १/६० चं १/५०० होतं. कुठलीही नवी बॉडी नुसत्या सेन्सरच्या जोरावर एवढी उडी मारून देत नाही. माझ्या डी३३०० मधल्या लहान, क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर, म्हणजे पस्तीस एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर, गेलं तरी क्षेत्रफळ सव्वादोनपटीच्या आसपासच वाढतं, म्हणजे एका स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मामाची ५० एमएम पेटीत पडून होती, आणि तिच्यात तीन स्टॉपहून जास्त होते.

मग ती डी३३०० वर लावायला काय हरकत? लावली. लेन्स बसते, उजेड मोजला जातो, फोकस मात्र होत नाही. यामागचं कारण मला तेव्हाच नीट समजलं आणि जुन्या लेन्स हाती आलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. निकॉनचं एफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारं कडं, १९५९ चं. पुढे १९८६ च्या एफ-५०१ मध्ये ऑटोफोकससाठी त्यांनी मोटर बॉडीत ठेवली. बॉडीच्या गोल कड्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी एक बारीक दांडी असते. ती लेन्सच्या मागच्या खाचेत बसते आणि बॉडीतली मोटर तिच्यामार्फत लेन्स फिरवते. कॅननने १९८७ मध्ये माउंटच बदललं आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली, त्यामुळे त्या घरात हा प्रश्न येत नाही. निकॉनने पुढे लेन्समध्ये मोटर द्यायला सुरुवात केली आणि स्वस्त बॉड्यांमधून ती दांडी काढून टाकली. डी३००० आणि डी५००० या मालिकांमधल्या एकाही बॉडीत ती नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस असेल तर मोटर लेन्समध्ये आहे. नुसतं एएफ आणि शेवटी डी असेल तर मोटर बॉडीत लागते.

एक हंगाम मी ५० एमएम हाताने फोकस करून बघितली. डी३३०० चा व्ह्यूफाइंडर लहान आणि मिणमिणता, त्यात एफ/१.८ ला फोकसची जागा फार अरुंद. नारद टाळ वाजवत पुढे-मागे झुलतो तेव्हा तो तेवढ्या जागेत फार वेळ थांबत नाही. दहातले दोन फोटो लागायचे. ते दोन बघून मात्र खात्री पटली की लेन्स हीच.

दिवाळीनंतर कोल्हापुरात एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने लगेच मिररलेस, म्हणजे माझ्या डी३३०० सारख्या डीएसएलआरमधला आतला आरसा नसलेला नवा कॅमेरा, दाखवला, हप्त्यांचा कागद काढला. मी मामाच्या लेन्स त्याच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, या चालतील? त्याने अ‍ॅडाप्टर आणला, ५० एमएम लावली, बटण दाबलं. काहीच हललं नाही. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये ती दांडी आणि मोटर नाही, त्यामुळे डी लेन्सना तिथे ऑटोफोकस मिळत नाही. मुलगा प्रामाणिक होता. "ताई, या लेन्ससाठी तुम्ही जुना डीएसएलआरच बघा," असं म्हणाला आणि त्याने कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. ज्याच्याकडे आधीची एकही लेन्स नाही त्याने आज मिररलेसच घ्यावा असं माझंही मत आहे. डोळा शोधून फोकस करणारी यंत्रणा मी त्या काउंटरवर पाच मिनिटं वापरली. ती खरंच फार चांगली आहे.

माझ्यापुढे मग मोटरवाल्या सेकंड हॅण्ड बॉड्या उरल्या. मला सांगितलेले भाव असे: डी७००० सोळा हजारांच्या आसपास, डी७१०० तेवीस, डी७२०० तीस, डी७५०० बेचाळीस, फुल फ्रेम डी७५० बावन्न.

डी७५० साठी जीव तुटला. मामाच्या लेन्स मुळात पस्तीस एमएम फिल्मसाठीच्या, त्यांचा मूळ कोन तिथेच मिळाला असता. क्रॉप सेन्सरवर ८०-२०० ही १२०-३०० सारखी वागते. आमच्या देवळांच्या आवारात रंगमंचापासून सात मीटरवर बसायला मिळतं, तिथून उभ्या चौकटीत माणूस मुकुटासकट जेमतेम मावतो. पण डी७५० साठी दहा-बारा हजारांचं कर्ज काढावं लागलं असतं, आणि छंदासाठी कर्ज घ्यायचं नाही हे मी पहिल्या पगारापासून पाळत आलेय.

डी७००० मध्ये मोटर आहे, दोन मेमरी कार्डांची सोय आहे, पण तो २०१० चा, १६ मेगापिक्सेलचा. माझा डी३३०० च २४ चा होता, तेव्हा मागे जायला मन होईना. डी७१०० जवळपास ठरला होता. तो मी एका ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून दोन रात्रींसाठी मागून आणला आणि एका जत्रेला नेला. असं करता आलं तर जरूर करा, कागदावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी मला त्यामुळे दिसल्या.

पहिली, बफर, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो साठवणारी कॅमेऱ्याची तात्पुरती जागा. आड-दशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, संकासुर येतो, काळे कपडे, तोंडावर काळं कापड, खाली लोंबणारी लाल जीभ. तो नाचत नाचत प्रेक्षकांत घुसतो, पोरं किंचाळत पळतात. हा सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा. डी७१०० रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत, सहा-सात फोटो सलग घेतो आणि थबकतो. पोरगं आईच्या पदरात शिरलं तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसला होता. डी७२०० मध्ये हाच आकडा १४ बिटच्या, जास्त बारकाव्याच्या फाइलला १८ आणि १२ बिटच्या फाइलला २७ आहे.

दुसरी गोष्ट घरी आल्यावर कळली. संकासुराचा काळा झगा उजळून घड्या दिसाव्यात म्हणून सावल्या वर उचलल्या, तर झग्यावर आडवे बारीक पट्टे उमटले. एकसारख्या दाण्याची मला अडचण नाही, डोळा तो विसरतो. पट्टे डोळ्याला विसरता येत नाहीत. दिवसा उजेडात पक्षी, फुलं, माणसं टिपणाऱ्याला हा दोष कधी भेटणारही नाही. माझं निम्मं काम काळ्यावर काळं असतं. डी७२०० मध्ये हे पट्टे जवळजवळ गेले आहेत, शिवाय त्याचा फोकस उणे ३ ईव्हीपर्यंतच्या अंधारात चालतो (ईव्ही हे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार), डी७१०० चा उणे २ पर्यंत.

राहिला डी७५००. तो २०१७ चा, डी७२०० नंतर दोन वर्षांनी आलेला, आणि त्याच्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी बराच काळ घुटमळले. लुकलुकणाऱ्या दिव्याची लय ओळखून तो उजेडाच्या शिखरावर शटर सोडतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि माझे १३१ फोटो त्यातच गेले होते. पण डी७५०० मध्ये कार्ड एकच. आणि लेन्सच्या कड्याला अडकून अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडलंय ते, कळवणारी बॉडीवरची छोटी पट्टीही काढून टाकलेली, म्हणजे मामाची २८ एमएम त्याच्यावर बसेल, पण उजेड मोजला जाणार नाही. जत्रा वर्षातून एकदा येते. एका कार्डावर सगळी रात्र सोपवायला माझा धीर होत नाही. लुकलुकीवर उपाय माझ्या हातात आहे: शटर १/१०० ठेवलं की दिव्याचं एक आवर्तन पूर्ण चौकटीत येतं आणि रंग स्थिर राहतो. संथ प्रसंगांना तेवढं पुरतं. युद्धाच्या वेळी वेग वाढवून सात-आठ फोटो सलग घ्यायचे, त्यातले दोन-तीन नीट येतात. गेलेल्या पट्टीवर आणि दुसऱ्या कार्डावर मात्र मला काहीच करता आलं नसतं.

डी७२०० पक्का झाला. शोधायला दीड महिना लागला. पहिला एका विक्रीच्या अ‍ॅपवर मिळाला, "फक्त १२,००० शटर काउंट, घरगुती वापर". मी विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला, काटछाट न केलेला एक फोटो मागवला. शटर आजवर किती वेळा उघडलं हा आकडा निकॉन फोटोच्या फाइलमध्येच लिहितो, शटर काउंट दाखवणाऱ्या कुठल्याही साध्या साधनात तो वाचता येतो. तिथे ९६,००० च्या वर आकडा होता. डी७२०० चं शटर दीड लाखाला तपासलेलं असतं, म्हणजे ९६,००० ची बॉडीही निरुपयोगी नाही, योग्य भावात मी ती घेतलीही असती. खोटं बोलणाऱ्याकडून घ्यायची नव्हती.

शेवटी जानेवारीत कोकणकन्या पकडून मुंबईला गेले. सकाळी सीएसएमटीला उतरून चालत बोरा बाजार. कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्तीवाले तिथे एकमेकांना लागून आहेत, मामाही तिथेच जायचा. तिन्ही लेन्स, रिकामी दोन कार्डं, पांढरा कागद आणि एक वर्तमानपत्र एवढं बरोबर नेलं होतं. तिसऱ्या दुकानात ३१,४०० काउंटची बॉडी दाखवली.

दुकानदाराला म्हटलं, मला अर्धा तास लागेल. त्याने स्टूल दिलं. आधी ५० एमएम लावून मोटर ऐकली, दूर-जवळ वीस वेळा. आवाज घर्रकन एकसारखा यायला हवा, मध्ये अडखळला तर दांडी किंवा गिअर झिजलेत. ८०-२०० लावून तेच, कारण जड लेन्स फिरवताना मोटरचा खरा दम कळतो. २८ लावली, मेनूत तिचा आकडा आणि अपर्चर भरलं, कडं फिरवून मीटर हलतंय ना बघितलं. एफ/१६ ला पांढऱ्या कागदाचा मुद्दाम फोकस घालवून फोटो घेतला. कोपऱ्यात तीन ठिपके दिसले, दुकानदाराने फुंकणीने हवा मारली, दोन गेले, तिसरा ओल्या सफाईने गेला. झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो घेतला, लाल-निळे ठिपके नाहीत. दोन्ही खाचांत कार्ड घालून लिहिलं जातंय याची खात्री केली. मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, हिचं ३ निघालं, म्हणजे ती थकलेली. ते दाखवल्यावर हजार रुपये कमी झाले. अंगठ्याखालचं रबर सुटलेलं नव्हतं. २९,५०० ला व्यवहार झाला, बिल घेतलं, तीन महिन्यांची दुकानाची हमी त्यावर लिहून घेतली.

त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर एका वयस्क दुरुस्तीवाल्याने ८०-२०० ची पुढची काच उघडून आतली बुरशी पुसून दिली. २,८०० रुपये. जाळं काचेच्या लेपापर्यंत पोचलं नव्हतं, आणखी दोन पावसाळे गेले असते तर पोचलं असतं, असं तो म्हणाला. डी३३०० लेन्ससकट ११,००० ला गेला. दोन कार्डं, एक नवी बॅटरी, हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, सगळं धरून ३७,०५० खर्च झाले. कोकणात राहणाऱ्याने डब्याचे पैसे बॉडीच्या किमतीतच धरावेत. जुलैत आमच्या घरात काटा ८५ च्या खाली येत नाही, डब्यात मी तो ४५ च्या आसपास ठेवते.

घरी आल्यावर वर्तमानपत्र तिरकं ठेवून दोन्ही ऑटोफोकस लेन्स तपासल्या. ५० एमएम किंचित मागे फोकस करत होती. डी७२०० मध्ये प्रत्येक लेन्ससाठी बारीक दुरुस्ती भरता येते, ती उणे ७ भरली आणि अक्षरं धारदार झाली. डी३३०० मध्ये ही सोयच नव्हती. झूम लेन्सला मात्र एकच आकडा भरता येतो, म्हणून ८०-२०० मी ज्या टोकाला जास्त वापरते त्या ८० ला बेतली.

खरं सांगायचं तर एकाच उजेडात, एकाच लेन्सने काढलेला डी३३०० चा आणि डी७२०० चा फोटो शेजारी ठेवला तर फरक शोधावा लागतो. दोन्ही २४ मेगापिक्सेल, दोन्ही क्रॉप सेन्सर. मी २९,५०० रुपये एका दांडीला, एका पट्टीला आणि कार्डाच्या दुसऱ्या खाचेला दिले आहेत, आणि ते वाया गेले असं एकदाही वाटलेलं नाही.

फेब्रुवारीत वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेला पहिल्यांदा नेला. बाहेर पायपेटी आणि पखवाज सुरू झाले होते, आड-दशावतार चालू होता. आत देवळाच्या पडवीत स्त्रीपार्टी करणारे काका पेटाऱ्यावर बसून हातातल्या आरशात तोंड रंगवत होते, डोक्यावर एकच पिवळा बल्ब. २८ एमएम लावली, एफ/२.८, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत कडं फिरवलं आणि दोन फोटो घेतले. त्यांनी हात पुढे केला, दाखव म्हणाले. मागच्या पडद्यावर चेहरा मोठा करून दिला. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवलं. "कानाकडे रंग लागाकच नाय, बघ." बल्बच्या उलट्या बाजूला, आरशात न दिसणारी दोन बोटांची पट्टी तशीच राहिली होती. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, डबी उघडली, तेवढी जागा रंगवली, अंबाडा सारखा केला आणि पडदा बाजूला करून बाहेर गेले.